कोपसॅक : बाळदम्याच्या मागावर पंचवीस वर्षं

कोपनहेगनच्या उत्तरेला लागून गेन्टोफ्ते नावाचं उपनगर आहे. तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात एक संशोधन केंद्र चालतं. त्याचं पूर्ण नाव कोपनहेगन प्रॉस्पेक्टिव्ह स्टडीज ऑन अस्थमा इन चाइल्डहूड, पण सगळं जग त्याला कोपसॅक म्हणतं. १९९८ साली बालरोगतज्ज्ञ हान्स बिसगार्ड यांनी ते उभं केलं. दम्यावरच्या मराठी स्मरणिकेत डेन्मार्कच्या संस्थेचा इतिहास कशाला, असं कुणी विचारील. लहान मुलांच्या तीव्र दम्यामागचं एक जनुक या संस्थेने शोधलं आणि ज्या रीतीने शोधलं, ती आपल्याकडच्या डॉक्टरांनी आणि पालकांनीही समजून घ्यावी अशी आहे, हे त्याचं उत्तर.

संस्था निघण्याआधीची बिसगार्ड यांची कामगिरीही सांगण्यासारखी आहे. दम्याचं औषध तान्ह्या मुलाच्या फुप्फुसात पोचवायचं कसं, हा त्यांचा पहिला ध्यास. दोन वर्षांच्या मुलाला ‘पंप दाब आणि त्याच वेळी श्वास ओढ’ असं सांगून भागत नाही, म्हणून पंपाला नळकांडं जोडतात. त्यालाच आपण स्पेसर म्हणतो. नव्या कोऱ्या प्लास्टिकच्या स्पेसरवर स्थिर विद्युतभार असतो आणि औषधाचे कण त्याच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतात. मुलाच्या तोंडी पोचतो तो उरलासुरला अंश. बिसगार्ड यांनी १९९५च्या सुमारास धातूचा स्पेसर पुढे आणला तो याच कारणासाठी. आपल्याकडे प्लास्टिकचाच स्पेसर मिळतो. तो साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता, तसाच वाळू द्यायचा असतो. फडक्याने घासून पुसला की भार पुन्हा तयार होतो. हे बऱ्याच घरी कुणी सांगितलेलंच नसतं.

औषध पोचवण्याची सोय झाली, तरी ते नेमकं कुणाला द्यायचं हा प्रश्न होताच. लहानपणी सर्दी छातीत उतरून घरघर लागणारी मुलं पुष्कळ असतात. पोट उडतं, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाते, आईबाप रात्री दवाखाना गाठतात. त्यातल्या बहुतेकांचा त्रास शाळेत जायच्या वयापर्यंत ओसरतो. काहींचा राहतो आणि वाढतो. कुणाचा राहणार, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ओळखता येत नाही. तोवरचे अभ्यास बहुतेक प्रश्नावलीवर चालत : ‘गेल्या वर्षभरात मुलाच्या छातीत घरघर झाली का?’ आईने आठवून उत्तर द्यायचं, संशोधकाने त्याला दमा म्हणायचं. बिसगार्ड यांना ही रीत मान्य नव्हती. आजार सुरू झाल्यावर मागे वळून विचारण्यापेक्षा तो सुरू होण्याआधीपासून मुलाजवळ बसायचं, असा त्यांनी निश्चय केला.

त्यासाठी कोपनहेगन परिसरातल्या, स्वतःला दमा असलेल्या किंवा पूर्वी झालेल्या मातांची ४११ बाळं निवडली. ही नोंदणी १९९८ ते २००१ या काळात झाली आणि या गटाला कोपसॅक-२००० हे नाव पडलं. बाळ महिन्याचं झालं की पहिली तपासणी. मोठ्या माणसाला ‘जोरात फुंका’ म्हणून सांगता येतं. महिन्याच्या बाळाला गुंगीचं औषध देऊन झोपवलं जाई, छातीभोवती हवा भरणारं जाकीट बांधलं जाई, फुप्फुसात हवा भरून मग जाकिटाच्या दाबाने ती बाहेर काढून तिचा वेग मोजला जाई. त्याच बैठकीत श्वासनलिका किती चटकन आवळते याचीही चाचणी होई. एवढ्या लहान बाळांची अशी तपासणी ओळीने शेकडोंच्या संख्येने करणं सोपं नव्हतं. आपलं झोपलेलं पोर त्या जाकिटात ठेवू देणाऱ्या आयांचाही त्यात वाटा आहे.

पुढचं काम आयांच्याच हातात होतं. घरी रोजनिशी. आज खोकला, घरघर, धाप यांचा त्रास झाला की नाही, एवढंच लिहायचं. मात्र रोज लिहायचं आणि पहिली तीन वर्षं लिहायचं. त्रास सुरू झाला की मूल घेऊन केंद्रात यायचं. गावातल्या फॅमिली डॉक्टरकडे किंवा दुसऱ्या रुग्णालयात नाही, इथेच. मुलांच्या दम्याचे उपचार केंद्रातले डॉक्टरच करत. त्यामुळे अमक्या डॉक्टरने दमा म्हटलं आणि तमक्याने ब्राँकायटिस, हा घोळ उरला नाही. त्रासाचे सलग तीन दिवस झाले तर एक ‘वेळ’ मोजायची. सहा महिन्यांत अशा पाच वेळा आल्या, तात्पुरत्या पंपाची गरज लागली, तीन महिने स्टेरॉइडचा पंप दिल्यावर त्रास थांबला आणि बंद केल्यावर उलटला, तरच त्या मुलाला दमा म्हणायचं. पालकांच्या आठवणीला किंवा डॉक्टरच्या मर्जीला यात वाव नव्हता. पुढे जे काही सापडलं त्याचं श्रेय मी यंत्रांपेक्षा या नियमाला देतो.

पहिलं मोठं फळ मात्र निराशेचं होतं. घरघरीची अशी ‘वेळ’ आली की दोन आठवडे स्टेरॉइडचा पंप दिला तर पुढचा दमा टळेल, अशी आशा होती. २००६ साली निकाल आला : टळत नाही. असा नकारार्थी निकाल छापायला धैर्य लागतं आणि त्याचा उपयोगही मोठा असतो, कारण जगभर अनेक तान्ह्या मुलांना त्याच आशेवर हे औषध दिलं जात होतं. पुढच्याच वर्षी कळलं की महिन्याच्या, अगदी ठणठणीत दिसणाऱ्या बाळाच्या घशात न्यूमोकॉकस, हिमोफिलस किंवा मोराक्झेला हे जंतू आढळले तर त्याला पुढे दमा होण्याची शक्यता जास्त. २०१२ साली जाकिटातल्या मोजमापांचाही हिशेब लागला. सातव्या वर्षापर्यंत दमा झालेल्या मुलांच्या फुप्फुसात हवेच्या वेगाची जी तूट होती, तिच्यातली सुमारे ४० टक्के महिन्याच्या वयातच होती. बाकीची ६० टक्के आजाराबरोबर वाढली. म्हणजे काही मुलं जन्मतःच अरुंद वाटा घेऊन येतात. त्या अरुंद का असतात, याचं उत्तर शोधताना जनुकांकडे वळणं भागच होतं.

दम्यात आनुवंशिकता आहे हे घराघरात माहीत आहे. ‘आजीला होता, आता नातवाला’ असं आपण बोलतोच. पण कोणतं जनुक, याचा पत्ता लागत नव्हता. २००७ साली लंडनच्या मिरियम मॉफट आणि विल्यम कुकसन यांच्या गटाने सतराव्या गुणसूत्रावरची एक जागा दाखवली आणि लहानपणीच्या दम्याशी तिचा संबंध पक्का ठरला. मग युरोपातले गट एकत्र आले. २०१० साली गॅब्रिएल नावाच्या प्रकल्पाने दम्याच्या १०,३६५ रुग्णांची १६,११० निरोगी लोकांशी तुलना केली. काही जागा हाती लागल्या, पण प्रत्येकीचा प्रभाव फार थोडा. तेव्हाचा सर्वसाधारण सूर असा होता की रुग्णांची संख्या अजून वाढवायला हवी, दहा हजार पुरत नसतील तर पन्नास हजार घ्या.

कोपसॅकजवळ होती ४११ मुलं. जनुकांच्या अशा शोधाला हा आकडा फारच तोकडा. ही उणीव भरून काढायला बिसगार्ड आणि त्यांचे तरुण सहकारी क्लाउस बोनेलुक्के यांनी जो रस्ता काढला तो या इतिहासाचा गाभा आहे. संख्या वाढवायची नाही, आजार नेमका निवडायचा. ‘डॉक्टरने कधीतरी दमा म्हटलं’ अशा दहा हजार माणसांत तऱ्हेतऱ्हेचे आजार मिसळलेले असतात. कुणाला परागकणांचा त्रास, कुणाला पन्नाशीत सुरू झालेला, कुणाला धूम्रपानाने आलेला. त्यांच्या सरासरीत एखादं जनुक बुडून जाणारच. त्याऐवजी दोन ते सहा वर्षांच्या वयात दम्याचा झटका येऊन पुन्हा पुन्हा रुग्णालयात दाखल झालेली मुलं घ्यायची, बाकी कुणी नाही.

अशी मुलं गोळा कशी करायची? इथे डेन्मार्कचं दप्तर कामी आलं. त्या देशात १९६८पासून प्रत्येक नागरिकाला क्रमांक आहे आणि १९७७पासून रुग्णालयात दाखल होणाऱ्या प्रत्येकाची राष्ट्रीय नोंद आहे. म्हणजे कोणतं मूल कोणत्या वर्षी किती वेळा दम्याने दाखल झालं, हे घरी न जाता कळतं. पण जनुक तपासायला रक्त हवं. तेही होतं. बाळ जन्मल्यावर काही दिवसांत त्याच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब जाड टिपकागदावर घेतात आणि जन्मजात आजारांची तपासणी करतात. तपासणी झाली की पुष्कळ देशांत तो कागद फेकला जातो. कोपनहेगनच्या स्टेटन्स सेरम इन्स्टिट्यूटने १९८२पासून हे कागद फेकले नाहीत. उणे वीस अंशांवर, क्रमाने लावून ठेवले. त्या वाळक्या तपकिरी ठिपक्यातून सुमारे तीन मिलिमीटर व्यासाच्या एक-दोन टिकल्या कापायच्या, त्यातला डीएनए काढून प्रयोगशाळेत त्याच्या असंख्य प्रती करायच्या आणि मग सबंध जनुकसंचातली ठिकठिकाणची अक्षरं तपासायची. ज्यांच्या टाचेतून ते थेंब घेतले होते, ती मुलं तोवर मोठी होऊन कामाधंद्याला लागलेली.

दुसऱ्याच कारणासाठी साठवलेलं रक्त संशोधनाला वापरायचं तर संमतीचा प्रश्न येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. डेन्मार्कमध्ये अशा प्रत्येक वापराला नीतिसमितीची मंजुरी लागते आणि ज्याला आपला नमुना वापरू द्यायचा नाही त्याला तसं नोंदवून बाहेर राहता येतं. ही व्यवस्था मला पुरेशी वाटते, पण ती चालते ती लोकांचा सरकारी दप्तरावर विश्वास आहे म्हणून. असा विश्वास नुसत्या कायद्याने तयार होत नाही.

अशा रीतीने वारंवार दाखल झालेली १,१७३ मुलं आणि तुलनेसाठी २,५२२ जण यांचे जनुकसंच समोरासमोर ठेवले गेले. गॅब्रिएलच्या मानाने ही संख्या किरकोळ. निकाल २०१३च्या अखेरीस ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. पाच जागा ठळक निघाल्या. चार जुन्या ओळखीच्या होत्या : सतराव्या गुणसूत्रावरची जीएसडीएमबीची जागा, आयएल३३, आयएल१आरएल१ आणि आरएडी५०. मात्र इथे त्यांचा प्रभाव पूर्वीपेक्षा कितीतरी ठसठशीत दिसला आणि ज्या मुलांचे झटके सर्वांत जास्त, त्यांच्यात तर फारच. पाचवी जागा कुणाच्या यादीत नव्हती. सातव्या गुणसूत्रावरचं सीडीएचआर३. त्यातल्या एका अक्षराच्या फरकाने प्रथिनाच्या ५२९व्या स्थानी सिस्टीनऐवजी टायरोसिन येतो आणि टायरोसिनवाल्या मुलांना झटक्यांचा धोका जास्त. दहा हजारांत जे दिसलं नव्हतं ते बाराशेच्या आतल्या संख्येत दिसलं.

सीडीएचआर३ करतं काय, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. श्वासनलिकेच्या आतल्या थरातल्या, बारीक केसासारखे तंतू असणाऱ्या पेशींवर ते असतं एवढं माहीत होतं. त्याचं उत्तर समुद्रापलीकडून आलं. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात यूरी बोच्कोव्ह आणि जेम्स गर्न हे राइनोव्हायरस-सी या विषाणूच्या मागे लागले होते. राइनोव्हायरस म्हणजे साध्या सर्दीचा विषाणू. त्याचा सी हा प्रकार उजेडात यायला २००६ साल उजाडलं, कारण तो प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पेशींत वाढतच नसे. लहान मुलांना घरघर लागून रुग्णालयात आणणाऱ्या विषाणूंत तो पुढे असतो. तो पेशीत शिरतो कोणत्या दाराने, हे त्यांना हवं होतं. ज्या पेशींत तो वाढतो आणि ज्यांत वाढत नाही, त्यांची तुलना करताना त्यांच्या यादीत सीडीएचआर३ हे नाव आलं. एरवी दाद न देणाऱ्या पेशींत हे जनुक घातलं आणि विषाणू आत शिरला. टायरोसिनवालं रूप घातलं तेव्हा तर त्याला बांधून घेण्याची पेशींची ताकद दसपटीच्या आसपास वाढली, कारण ते प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर जास्त प्रमाणात येतं. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं. तीन वर्षांनी साखळीचा शेवटचा दुवा जोडायला कोपसॅक आणि विस्कॉन्सिन एकत्र आले. लहानपणापासून नोंदी ठेवलेल्या मुलांत पाहिलं, तर या जनुकाच्या धोक्याच्या रूपामुळे राइनोव्हायरस-सीचे आजार वाढत होते, बाकीच्या विषाणूंचे नाहीत.

जनुकाच्या एका अक्षरापासून पेशीच्या दारापर्यंत आणि तिथून दाखल झालेल्या मुलापर्यंत अशी सलग वाट दम्यात क्वचितच दाखवता आली आहे. सतराव्या गुणसूत्रावरची जागा सहा वर्षं आधी सापडली होती, तरी तिथलं नेमकं कोणतं जनुक काय करतं, यावर अजून वाद चालू आहेत.

२०२०मध्ये याच तीव्र दम्याच्या रुग्णांच्या संचावरून आणखी एक गमतीची गोष्ट निघाली. तरुणवीर सिंग अहलुवालिया आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एफयूटी२ आणि रक्तगट ठरवणारं एबीओ ही दोन जनुकं मिळून धोका वाढवतात. एकेकटं पाहिलं तर त्यांची जोडी लक्षात येत नाही. ही जोडी असलेल्या मुलांत न्यूमोकॉकसचे आजारही जास्त होते. महिन्याच्या बाळाच्या घशातल्या जंतूंवर संस्थेने २००७ साली लिहिलं होतं, त्याला जनुकांच्या बाजूने हा पुरावा मिळाला.

दरम्यान दुसरा गट सुरू झाला होता. कोपसॅक-२०१०. या वेळी दमेकरी माता असण्याची अट नव्हती आणि नोंदणी गर्भारपणातच झाली. मुलं ७००. या मातांवरचा माशाच्या तेलाचा प्रयोग वर्तमानपत्रांत गाजला. ७३६ गर्भवतींपैकी निम्म्यांना चोविसाव्या आठवड्यापासून रोज २.४ ग्रॅम ओमेगा-३ आणि उरलेल्यांना ऑलिव्ह तेल दिलं. माशाचं तेल घेतलेल्यांच्या मुलांत सततची घरघर किंवा दमा १६.९ टक्के, ऑलिव्ह तेल घेतलेल्यांच्या मुलांत २३.७ टक्के. ज्या स्त्रियांच्या रक्तात मुळातच ही मेदाम्लं कमी होती, त्यांना फायदा सर्वांत जास्त. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ती कमीच असणार, हे खरं. पण हा प्रयोग आपल्याकडच्या बायकांवर झालेला नाही आणि मात्राही मोठी होती, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सुरू करण्याचं काहीच कारण नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाचा प्रयोगही त्याच मातांवर झाला, त्यातून ठाम काही निघालं नाही.

हान्स बिसगार्ड २०२२ साली वारले. संस्थेची धुरा आता बोनेलुक्के यांच्याकडे आहे. पहिल्या गटातली मुलं विशी ओलांडून गेली आहेत, दुसऱ्या गटाच्या मेंदूच्या आणि वर्तनाच्या तपासण्याही सुरू झाल्या आहेत. संस्थेला आधार दिला तो सरकारी निधीने आणि लुंडबेक फाउंडेशनसारख्या न्यासांनी. चार-पाच वर्षांचं अनुदान आणि मग अहवाल, अशा बेताने हे काम उभं राहिलं नसतं.

आपल्याकडे अशी चिकाटी नाही, असं मात्र कुणी समजू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली आसपासच्या सहा गावांतल्या स्त्रियांपासून सुरुवात केली आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा पुढच्या पिढीपर्यंत चालवला. तो मधुमेहाचा शोध होता. गोव्यात २००८ साली नवजात बाळांच्या रक्ततपासणीचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे माणसं आहेत आणि टाचेच्या थेंबाची रीतही ओळखीची आहे. कमी आहे ती कोणतं मूल किती वेळा, कशासाठी दाखल झालं याची एकत्र नोंद. ती नसेल तर तीव्र दम्याची मुलं वेगळी काढता येत नाहीत आणि डेन्मार्कच्या मुलांत सापडलेलं आपल्या मुलांना कितपत लागू आहे, हेही ठरवता येत नाही.

शेवटी पालकांसाठी. राइनोव्हायरस-सीवर आज लस नाही आणि सीडीएचआर३चं दार बंद करणारं औषध दवाखान्यात आलेलं नाही. या जनुकाची तपासणी करून एकट्या मुलाचं भवितव्य सांगता येत नाही, त्यावरून उपचारही बदलत नाहीत. तेव्हा ‘दम्याची जनुक-चाचणी’ म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. मूल जितक्या वेळा दाखल झालं असेल तितकी डिस्चार्ज कार्डं मात्र एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवा आणि दर वेळी डॉक्टरांना ती दाखवा.